दोन जावांची घार

देवळाली प्रवरेच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला एक वस्ती आहे. तिथं दोन जावा होत्या आणि दोघींत मिळून एक घार होती.

जावा म्हटल्यावर भांडणं आलीच. पण या दोघींची भांडणं चुलीवरून, कपाटाच्या किल्ल्यांवरून किंवा कुणाच्या माहेरून काय आलं यावरून नसायची. ती व्हायची स्क्रूवरून, वाऱ्यावरून, बॅटरी किती गरम झाली यावरून. कारण ही घार म्हणजे बचत गटानं या दोघींच्या हाती दिलेला, उसावर औषध फवारणारा ड्रोन होता. सहा पंखे, पोटाशी टाकी, आणि आवाज असा की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघायची. गटाच्या बायकांनी त्याला पहिल्याच दिवशी घार म्हणून टाकलं, आणि मग ड्रोन हा शब्द वस्तीवर कुणी काढलाच नाही.

धाकटी जाऊ दीपा घार उडवायची. तिच्याकडं पायलटचं सर्टिफिकेट होतं, चांगलं फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलेलं, म्हणजे टीव्ही बघणाऱ्याला ते बघावंच लागायचं. थोरली शुभांगी घार तपासायची. लग्नाआधी ती नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होती, तयार झालेला एकेक भाग, तिकडच्या भाषेत 'जॉब', तपासून पास-नापास करायची. नोकरी सुटली, पण इन्स्पेक्शन काही अंगातून गेलं नाही. सासूबाईंची भाकरीसुद्धा ती एक डोळा बारीक करून बघायची. "माझ्या हातून पास झालेला जॉब कधी परत आला नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. दीपाचं ठरलेलं वाक्य त्याहून छोटं होतं. "आणि असं झालं तर?" वारा फिरला तर? मध्येच कुत्रं आलं तर? रिमोटची बॅटरी बसली तर?

"तर-तर करत बसलीस तर घार काय, कोंबडीपण उडायची नाही," शुभांगी म्हणायची.

ट्रेनिंगला गेल्यावर सरांनी दीपाच्या वर्गाला सांगितलं होतं, की मोठ्या विमानांच्या कंपनीत दोन वेगळी खाती असतात. क्वालिटीवाले विचारतात, जसं ठरलंय तसंच दरवेळी होतंय का? सेफ्टीवाले विचारतात, जे ठरलंय तेवढ्यानं भागेल का? तेव्हा दीपाला एकदम हसू फुटलं. सरांनी उभं केलं. ती म्हणाली, "सर, आमच्या घरात ही दोन्ही खाती एकाच चुलीवर स्वयंपाक करतात."

आता खरी गोष्ट ऐका. त्या वर्षी उसावर लोकरी मावा आला. पानांच्या खालून पांढरं पांढरं, कापूस चिकटवल्यासारखं. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत माणूस शिरून फवारणी करणार कसा? म्हणून साखर कारखान्यानं ठरवलं की वरून फवारायचं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी शेतकी अधिकारी येणार, घारीचं काम बघणार, आणि पसंत पडलं तर आजूबाजूच्या सगळ्या गावांचं काम गटाला मिळणार. नाहीतर बाहेरची एक कंपनी टपून बसलीच होती. शिवाय गटातल्या दोघी-तिघी कुजबुजत होत्या, की एवढ्या मोठ्या कामाला पायलट पुरुषमाणूस बरा. एक चूक झाली की दीपाच्या हातातला रिमोट गेलाच म्हणून समजा. दीपाला हे माहीत होतं. झोपेत तिचे अंगठे हलायचे.

खंडेनवमीला घरच्या सगळ्या अवजारांची पूजा झाली. कोयते, विळे, पाणबुडी मोटर, ट्रॅक्टर, आणि ओळीच्या शेवटी झेंडूचा हार घालून घार. पूजा नेहमीप्रमाणे सासूबाईंनी, झुंबरबाईंनी केली. दसरा झाला, सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवशी दीपानं हार काढला, शुभांगीनं घार पुसली, तपासली, "पास!" म्हणाली, आणि दीपा सरावाला घार घेऊन घरच्याच उसाकडं गेली. सोबत औषध कालवायला गटातल्या बायडाबाई.

घार छान उडाली. दोन फेऱ्या मारल्या, वळली, परत आली. दीपानं उतरायचं बटण दाबलं. घार खाली आली, आली, आणि अजून गुडघाभर वर असतानाच पंखे बंद पडले. धप्प! ती कलंडली, आणि गरगरत राहिलेल्या एका पंख्यानं बायडाबाईंच्या प्लास्टिकच्या बादलीचा काठ टरकन कापून नेला.

बायडाबाईंनी त्या बादलीतून हात नुकता बाहेर काढला होता.

बादलीतून औषधाचं पाणी भळभळ गळत होतं. मग बायडाबाईंनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाल्या, "हायेत गं, दोन्ही हायेत."

"मावशी..." दीपाचे डोळे भरून आले.

"रडू नगंस. घार मोडली न्हाई, मी मोडले न्हाई. बादली काय, आज हाय उद्या न्हाई. मी कुनाला सांगायची न्हाई, तू बी सांगू नगंस. त्या टवळ्या वाटच बघत्यात."

दीपाला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! खरंच की, कुणी बघितलं होतं? तिनं घार उचलून ठेवली, चिखल पुसला, अर्ध्या वाटेपर्यंत आली. पुढं बायडाबाई चालल्या होत्या, फुटकी बादली हलवत, बांगड्या वाजवत. दीपाची नजर त्या बांगड्यांवर गेली आणि तिला तिचंच वाक्य आठवलं. आणि परत असं झालं तर? सोमवारी शंभर माणसांत?

ती घरी पोचली ती थेट ओसरीवर. शुभांगी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

"ताई, घार पडली."

शुभांगीच्या हातातली शेंग हातातच राहिली. "मोडलं काय?"

"काही नाही. पण मावशींचा हात थोडक्यात वाचला."

शुभांगी उठली, पदर खोचला आणि घार अंगणात मांडून बसली. एकेक हात हलवून बघितला, एकेक स्क्रू फिरवून बघितला, बॅटरी मोजली, पंखे प्रकाशात धरून बघितले, पोटाखालचा उंची मोजायचा डोळा दाबून बघितला. सगळं जिथल्या तिथं.

"यंत्र पास आहे," ती म्हणाली. "म्हणजे हात कच्चा आहे."

"उतरताना मी रिमोटच्या काड्यांना हातपण लावला नव्हता! ती आपोआप उतरते. पास आहे तर पडली कशी, जाऊबाई?"

दीपानं 'जाऊबाई' म्हटलं की समजायचं, पारा चढला.

"म्हणजे माझी तपासणी खोटी? मी डोळे झाकून पास केलं?"

"मी तुमचं नाव घेतलं का?"

"नाव घ्यायला कशाला पाहिजे! घार पडली, तपासली कुणी? मी! गावाला काय कळत नाही?"

"आणि उडवली कुणी? मी! माझ्या हातून रिमोट काढायचाच आहे त्या बायकांना. तरी मी सांगायला आले ना? मला कुणाची चूक ते नको आहे, ताई. मला फक्त काय झालं ते पाहिजे. नाहीतर सोमवारी बादलीच्या जागी..."

शुभांगीनं परत घारीकडं बघितलं. नागापूरला असताना एकदा चांगला चाललेला जॉब अचानक वाकडा यायला लागला होता, आणि तिथल्या मोठ्या बाईंनी कुणाला न रागावता एवढंच विचारलं होतं, की काल आणि आज यात बदललं काय? ते तिला आठवलं असावं. कारण ती घारीसमोर नीट मांडी घालून बसली.

"बरं. गेल्या आठवड्यात ही नीट उतरत होती. बरोबर?"

"बरोबर."

"बॅटरी तीच?"

"तीच."

"टाकी? पंखे? जागा? काही अपडेट मारलंस रिमोटमध्ये?"

"नाही. काहीच नाही. मध्ये नुसता दसरा गेला."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मग दोघींनी एकदम स्वयंपाकघराकडं बघितलं.

"आत्या!"

झुंबरबाई हात पुसत बाहेर आल्या. "काय गं? कोन मेलं?"

"आत्या, पूजेला घारीला हळदी-कुंकू कुठं लावलं होतं?"

"कुटं म्हंजे? कपाळाला."

"घारीला कपाळ कुठंय?"

"आता गं बया! सर्टिफिकिट भिंतीला लावलंय आन् कपाळ म्हाईत न्हाई." झुंबरबाई गुडघ्यावर हात टेकत खाली वाकल्या आणि बोट थेट घारीच्या पोटाखाली गेलं. काळ्या काचेच्या, टिकलीएवढ्या त्या डोळ्यावर. "हितं. कंपनीनं जागाच केलेली हुती कुंकवाची. आन् हळद तेलात कालवली हुती, गंज चढू नी म्हनून. कोयत्याला लावते तशी."

दीपानं तोंडावर हात दाबला. हसावं की रडावं?

"पण मी पुसलं होतं," शुभांगी हळूच म्हणाली. "तपासणीच्या कार्डावर 'डोळा स्वच्छ' असं आहे. मी ओल्या फडक्यानं पुसलं, बघितलं, स्वच्छ होता. आता बघ की, आत्ताही स्वच्छ दिसतोय."

"आपल्याला दिसतोय, ताई. घारीला?"

झालं! शुभांगीच्या डोळ्यांत एकदम नागापूर चमकलं. "दिसण्यावर जायचंच कशाला? मोजू!"

तिनं टोमॅटोची दोन रिकामी कॅरेट मध्ये फट सोडून पालथी घातली, त्यावर घार ठेवली, घरातून टेप आणला, डोळ्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. दीपानं घार चालू केली, पंखे न फिरवता, आणि पडद्यावरचा उंचीचा आकडा वाचला. टेप सांगत होता मांडीएवढं. पडदा सांगत होता चार बोटं. काचेवर तेलाचा इतका पातळ पापुद्रा होता की माणसाला दिसेना, पण डोळ्यातून निघालेला उजेड तिथंच आपटून मागं येत होता, आणि घार बिचारी समजत होती की आली जमीन, करा पंखे बंद.

शुभांगीनं साबणाच्या पाण्यानं डोळा धुतला, मऊ कापडानं कोरडा केला. परत मोजलं. आकडे जुळले, अगदी टेपच्या रेघेला रेघ. दीपा उडीच मारणार होती.

"थांब," शुभांगी म्हणाली. "एका मापावर जुळलं म्हणजे जुळलं असं नसतं. कॅरेटवर कॅरेट ठेव." दुसऱ्या उंचीलाही जुळलं. तेव्हा कुठं ती म्हणाली, "पास." आणि मग, जरा दुसरीकडं बघत, "तू सांगितलंस म्हणून सापडलं. माझ्या कार्डावर मी अजून शंभर वेळा 'स्वच्छ' म्हटलं असतं."

"आणि तुम्ही टेप आणला नसता तर मी अजून शंभर वेळा 'तर? तर?' करत बसले असते."

त्या दिवसापासून नियमच झाला. प्रत्येक उड्डाणाआधी कॅरेटवर माप, दोन उंचीला, शुभांगीच्या हातानं. आणि उतरायच्या जागेभोवती चुन्याच्या फक्कीचा मोठा गोल. पंखे पूर्ण थांबेपर्यंत त्या गोलात कुणी पाय टाकायचा नाही, मग तो कुणी का असेना. गोलाची राखण बायडाबाईंकडं. झुंबरबाईंना घारीचं नवं कपाळ दाखवलं, टाकीच्या झाकणावर. त्या म्हणाल्या, "व्हय, पर हितं शोभत न्हाई," पण मान्य केलं.

सोमवार उजाडला तो गारठा घेऊनच. पिकांवर दव असं की चप्पल पचपच वाजावी. घार टेम्पोतून ताडपत्रीखाली आणली. बांधावर ही गर्दी! आजूबाजूच्या वस्त्यांवरचे शेतकरी, गटातल्या बायका, त्या कुजबुजणाऱ्या सगळ्यात पुढं. शेतकी अधिकारी अंगद वाबळे साहेब जीपमधून उतरले आणि मोबाईलवर बोलत बोलत सरळ फक्कीच्या गोलात.

"ओ साहेब!" बायडाबाई कडाडल्या. "पाय मागं घ्या. रांगोळी न्हाई ती."

साहेबांनी पाय असा मागं घेतला की मोबाईल पडता पडता राहिला. लोक हसले. साहेबही हसले, पण मग घारीकडं वळून त्यांनी नेमकं तेच विचारलं.

"त्या बाहेरच्या कंपनीवाल्यांचा ड्रोन आजवर एकदाही पडलेला नाही म्हणतात. तुमचा?"

एक 'नाही' म्हटलं की झालं. बादलीसुद्धा बायडाबाईंनी लपवून ठेवली होती. तिनं शुभांगीकडं बघितलं. तपासणी शुभांगीची होती, अब्रू तिचीही जाणार होती. शुभांगीनं नुसती मान हलवली, खाली आणि वर.

"पडली साहेब," दीपा म्हणाली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

गर्दीत भुणभुण उठली. "म्हटलं नव्हतं का..." असं एकीनं सुरूही केलं. पण दीपा थांबली नाही. हळद, तेल, डोळा, बादली, बायडाबाईंचा हात, सगळं सांगितलं. हळदीला लोक खो-खो हसले. हाताला गप्प झाले. मग शुभांगी पुढं झाली आणि म्हणाली, "आता त्याच्यावर काय केलं ते दाखवते," आणि कॅरेटं मांडली, टेप सोडला.

"वाच गं."

दीपानं पडदा वाचला. परत वाचला.

आकडा चुकत होता. फार नाही. वीतभर. पण चुकत होता.

आता सांगा, अशा वेळी काय करायचं? शंभर माणसं उभी, साहेब घड्याळ बघतायत, ज्यांना तुम्ही पडायलाच हव्या आहात ते बरोबर समोर. मागून कुणीतरी ओरडलंच, "उडवा की आता! वीतभरानं काय होतंय?" दीपाचे अंगठे रिमोटवर शिवशिवत होते.

शुभांगी सरळ उभी राहिली आणि अख्ख्या बांधाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नापास."

आपल्याच घारीला, आपल्याच तोंडानं, भर लोकांत!

आणि दीपानं काय केलं? रिमोट खाली ठेवला. "ताई नापास म्हणाल्या. घार उडणार नाही."

"नाही म्हणजे? मग मी आलो कशाला?" साहेब म्हणाले.

"थोडं थांबा साहेब. का ते शोधतो."

या वेळी भांडण नाही, काही नाही. एकीनं विचारायचं, दुसरीनं तपासायचं. घरून निघताना जुळलं होतं? जुळलं होतं. मध्ये बदललं काय? टेम्पो. ताडपत्री. शुभांगीनं ताडपत्रीवर हात फिरवला, तो ओलाचिंब निघाला. ती घारीखाली वाकली. डोळ्याच्या काचेवर दवाची बारीक, धुरासारखी वाफ धरली होती. पुसली की क्षणभर जायची आणि गारठ्यानं पुन्हा धरायची.

"उन्हात ठेवू," शुभांगी म्हणाली. "काच तापली की धरायची नाही."

घार उन्हात ठेवली. लोक तंबाखू मळायला लागले. झुंबरबाईंनी तेवढ्यात साहेबांना चहा पाजला आणि घारीचं नवं कपाळही दाखवून घेतलं. ऊन चढलं. शुभांगीनं काच कोरडी केली, बोट लावून ऊब बघितली, पहिलं माप घेतलं, दुसरं माप घेतलं. घाई केली नाही, एका बोटाचीही नाही.

"पास!"

आणि मग घार उठली. काय उठली म्हणून सांगू! कालव्याच्या पाण्यावर थरथर उमटली, बायकांचे पदर उडाले, म्हाताऱ्यांनी टोप्या धरल्या. उसाच्या शेंड्यांच्या जरा वर येऊन ती एका रेषेत निघाली, खालून औषधाचा धूर सोडत, आणि खाली उसाची पानं अशी उलटी-सुलटी झाली की पांढरा मावा दिसला आणि भिजला. बांधाच्या टोकाला वळण, परत. वळण, परत. विजेच्या तारांपाशी दीपानं तिला लांबूनच फिरवली. अख्खं रान झालं, आणि घार फक्कीच्या गोलावर येऊन थांबली. ती खाली आली, गुडघ्याएवढी राहिली, आणखी खाली आली, आणि पायांनी जमीन चाचपून अशी टेकली की धूळसुद्धा उठली नाही. पंखे थांबले. तेव्हा बायडाबाई गोलात शिरल्या, घारीच्या टाकीवर हात ठेवला आणि शिट्टी मारली. हो, शिट्टी! दोन बोटं तोंडात घालून!

मग जो गोंधळ उठला!

वाबळे साहेबांनी हात वर करून लोकांना गप्प केलं. "काम गटाला," ते म्हणाले. "आणि पायलट हीच." कुजबुजणाऱ्यांपैकी एकीनं सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली, बघा आता! "अजून एक. त्या दुसऱ्या कंपनीलाही मी सांगणार आहे, कारखान्याच्या हद्दीत उडवायचं असेल तर आधी कॅरेटवर माप आणि भोवती फक्की. कधीच पडला नाही म्हणणाऱ्याची मला जास्त भीती वाटते." ते शुभांगीकडं वळले. "बाई, तुम्ही त्यांना शिकवायला याल का?"

"येईन की," शुभांगी म्हणाली. "पण ही पण येईल. मी नुसतं मोजायला शिकवीन. काय मोजायचं ते हिला विचारावं लागतं."

"आणि उडवायला ताईंना शिकवणार आहे मी," दीपा म्हणाली.

"कधी ठरलं हे?"

"आत्ता."

"ए दीपे, मला उंचीची भीती वाटते!"

"घार वर जाते ताई, तुम्ही खालीच असता!"

तोवर तीन शेतकरी पुढं घुसले होते, पहिलं रान कुणाचं यावरून. एकाचा ऊस उंच, एकाचा मावा जास्त, एकाची बायको गटात. साहेब त्यांच्यात पडले आणि पस्तावले. शेवटी झुंबरबाईंनीच निकाल दिला, "जवळचं आधी, लांबचं मागून. आन् भांडायचं आसंल तर फक्कीच्या भाईर."

सगळे मुकाट्यानं बाहेर सरकले. शुभांगीनं कॅरेटं उचलली, दीपानं घार, आणि दोघी जावा शेजारच्या रानाकडं निघाल्या. वाटेत त्यांचं परत एका स्क्रूवरून जुंपलं होतं, आणि मागून येणारी गर्दी कान टवकारून ऐकत होती.